पोस्ट टाकून काही होईल का?

परवा दुकानात काम करणाऱ्या एका ताईंनी हळूच विचारलं, "दादा, मालक कसा वागतो ते फेसबुकवर लिहिलं तर काही होईल का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

होतं की! २०१८ मध्ये 'मी टू'च्या वेळी एकीनं लिहिलं, मग दुसरीनं, तिसरीनं. केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी प्रिया रमाणींवर बदनामीचा खटला भरला, त्यातून त्या २०२१ मध्ये निर्दोष सुटल्या. आपण एकट्या नाही, हे बायकांना मोबाईलवरच कळलं.

पण कोर्टात दोन वर्षांहून जास्त लढणं या ताईंना झेपेल? आपल्या गावात नाव न लिहिताही कोण, कुठलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. नोकरी जाते ती तिचीच.

तिच्यासाठी २०१३ च्या कायद्यात सोय आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही. मुदत साधारण तीन महिने. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची, असं कायदाच सांगतो. हे किती जणींना माहीत आहे?

म्हणून विनंती एवढीच. निषेधाच्या पोस्ट जरूर टाका, पण खाली आपल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता अन् फोनही टाका. मी उद्या कलेक्टर ऑफिसातून आणतो अन् इथंच टाकतो. ताईंना उत्तर द्यायचं राहिलंय.