डबा बदलू की पार्ट?

भंडाऱ्यात जुनं पितळेचं भांडं मोडीत काढलं, तरी वजनाचे पैसे हातात पडतात. जुन्या डेस्कटॉपचं तसं नाही, बॉस! भंगारवालासुद्धा नाक मुरडतो. म्हणून 'स्लो झालाय, नवाच घेऊ' म्हणत नागपूरची बस पकडण्याआधी जरा थांबा. पीसी सुरू होईपर्यंत तुमचा चहा पिऊन होतो ना? गुन्हेगार बहुतेक वेळा ती जुनी, फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी टाका. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. फक्त डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून घ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. आणि हो, पंख्यातली धूळ! आपल्याकडचा मे महिना त्याला आधीच झेपत नाही.

पण हा खर्च करण्याआधी प्रोसेसर बघा. खरी गोची तिथे आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, शिवाय इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ पासून पुढचा प्रोसेसर. मशीन त्याहून जुनं, आणि काम नुसतं मेल-ब्राउझिंगचं? मग लिनक्स टाकून बघा, फुकट आहे. ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल, तर मात्र त्या डब्यात एक रुपयाही घालू नका. फोटो-फाइल्स तेवढ्या आधी कॉपी करून घ्या.