मुलांमधील स्क्रब टायफसचे वेळेत निदान व उपचार होण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, सीबीडी बेलापूर.

महोदय,

पावसाळ्यात दिघा, रबाळे, तुर्भे भागांत डोंगरालगतच्या वस्त्यांभोवती गवत-झुडपे माजतात आणि मुले त्यातच खेळतात. अशाच ठिकाणी असणाऱ्या चिगर माइट या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर-विदर्भात त्याने बळी घेतले. गोरखपूर भागात मेंदूज्वर म्हणून दाखल झालेल्या अनेक मुलांनाही प्रत्यक्षात हाच आजार असल्याचे आढळले. हा ताप ओळखला गेला तर साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो, म्हणून हे मृत्यू आम्हा पालकांना अधिक सलतात.

तापाचे मूल आले की डेंग्यू-मलेरियाची तपासणी होते. दोन्ही निगेटिव्ह आल्या की ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवण्याकडे कल असतो. आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी इथेच आहे : पाच दिवसांहून अधिक ताप असलेल्या प्रत्येक मुलाचे कपडे उतरवून अंग तपासावे. चाव्याच्या जागी येणारी, सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली काखेत, जांघेत, कानामागे, लंगोटाखाली दडलेली असते. ती दुखत नाही, खाजत नाही; त्यामुळे मूल सांगत नाही आणि आईलाही दिसत नाही. खपली सापडली नाही म्हणून मात्र संशय सोडू नये, कारण ती प्रत्येकाला येत नाही.

स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्ततपासणी मनपाच्या वाशी, नेरूळ व ऐरोली येथील रुग्णालयांत मोफत मिळावी. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लक्षणे जुळत असल्यास अहवालाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन सुरू करावे. पेनिसिलिन, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन यांचा स्क्रब टायफसच्या जंतूवर उपयोग होत नाही. दात पिवळे पडतील या जुन्या भीतीने लहानांना डॉक्सिसायक्लिन नाकारले जाते. थोड्या दिवसांच्या उपचारात तसा धोका आढळलेला नाही, हे डॉक्टरांपर्यंत लेखी सूचनेने पोहोचवावे. दोन्ही औषधे मुलांना देता येतील अशा स्वरूपात प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात असावीत. श्वास लागणे, झटके येणे, गुंगी अशी लक्षणे दिसताच मुलाला अतिदक्षता विभागात हलवण्याची सोय असावी.

आशा सेविकांना खपलीचे छायाचित्र दाखवून प्रशिक्षण द्यावे आणि शाळा-अंगणवाड्यांभोवतीचे गवत जूनपासूनच नियमित कापावे.

या मागण्यांवरील कार्यवाही आम्हास लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
नवी मुंबईतील पालक व रहिवासी