वाघ नको, मृतसाठ्याची रेषा दाखवा

२०२०च्या टाळेबंदीत गूगलचा त्रिमिती वाघ मोबाइलच्या पडद्यातून घरोघरी येऊन बसला. चार दिवस गंमत झाली, फोटो निघाले आणि वाघ गेला तो गेलाच. ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकी चित्र बसवण्याच्या तंत्राचा, आपल्याकडचा अनुभव बहुतांशी एवढ्यावरच थांबला. त्यावरून कोणी म्हणतात, हे मुळातच खेळणे. कोणी म्हणतात, तंत्र उत्तम, फक्त फोन भारी आणि नेट वेगवान हवे. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, कारण काय दाखवले जाते याचा विचार दोघेही करत नाहीत.

भारी फोनवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कॅमेरा दृश्यातल्या ठळक खुणा हेरतो, जायरोस्कोप फोनचे वळणे मोजतो आणि दोन्हींचा मेळ घालून चित्र जागेवर धरले जाते. अनेक स्वस्त फोनांत जायरोस्कोप नसतो. मग चित्र थरथरते, सरकते. पण महागड्या फोनवर स्थिर बसलेला वाघसुद्धा दिवाणखान्यात बसला काय नि गोठ्यात बसला काय, सारखाच. जागेशी नातेच नसेल, तर दुसऱ्यांदा पाहायचे कशासाठी? फोन वर्षागणिक सुधारत होते, तरी मेटाने जानेवारी २०२५मध्ये बाहेरच्या निर्मात्यांनी ‘स्पार्क’ मंचावर बनवलेले ऑगमेंटेड रिॲलिटी इफेक्ट बंद केले. उपकरण सुधारले म्हणून आशय टिकतोच असे नाही.

खेळणे म्हणणाऱ्यांना उत्तर जिंतूर तालुक्यातल्या येलदरीत देता येते. पूर्णा नदीवरच्या या धरणाची क्षमता सुमारे ९३४ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातले सुमारे १२५ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे, एरवी सोडता न येणारे पाणी. पावसाळ्यात परभणी-हिंगोलीकडे ‘येलदरी किती टक्के झालं?’ हा रोजचा प्रश्न असतो. बातमीतले टक्के सहसा जिवंत, म्हणजे मृतसाठ्याच्या वरच्या, साठ्याचे असतात. त्यामुळे धरण शून्यावर आले तरी समोर पाणी दिसते आणि ‘पाणी आहे की, मग सोडत का नाहीत?’ असा सवाल उठतो. शिवाय खोरे वर पसरत जाते, म्हणून वरच्या एका मीटरात मावणारे पाणी तळाच्या मीटरात मावत नाही. डोळ्यांना दिसतो फक्त पृष्ठभाग. भिंतीकडे फोन धरताच मृतसाठ्याची रेषा, आजची पातळी आणि पूर्ण संचय पातळी आपापल्या खऱ्या उंचीवर उमटल्या, तर ‘पाणी आहे, तरी सोडत नाहीत’ हा गैरसमज जागच्या जागी फिटेल. हेच पाणी प्रत्येकी ७.५ मेगावॅटचे तीन संच फिरवून पुढे सिद्धेश्वर धरणाकडे कसे जाते, हेही तिथेच दाखवता येईल.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा की, रंगवलेला फलक हे काम स्वस्तात करील. जिथे चित्र पुरते तिथे फलकच लावावा. पण फलकावरची रेषा कल्पनेने भिंतीवर नेऊन बसवण्याचे काम पाहणाऱ्यावर पडते आणि आजची पातळी रंगवलेल्या फलकावर रोज बदलत नाही. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: हलत्या, चकाकत्या पाण्यावर फोनला खूण सापडत नाही, मराठवाड्याच्या उन्हात पडदा दिसत नाही, रेंजचाही भरवसा नाही. म्हणूनच आधार पाण्याचा न घेता सावलीत पक्क्या बसवलेल्या खुणेच्या फलकाचा घ्यावा. फलकाची जागा ठाऊक असली की रेषा कुठे यायच्या हे ठरवता येते. जायरोस्कोप नसलेल्या फोनवाल्याने फलक कॅमेऱ्याच्या चौकटीत राहू द्यावा, एवढेच पथ्य. चित्रे हलकी ठेवून आधीच फोनमध्ये उतरवून घेतली, तर रेंज लागेल ती आजच्या पातळीच्या एका आकड्यापुरती. राहिला सुरक्षेचा प्रश्न. धरणावर जिथे कॅमेऱ्याला मनाई असेल तिथे ती पाळावीच आणि पाटबंधारे खाते सांगेल त्याच जागी फलक उभारावा.

तेव्हा अशा कामावर सरकारी पैसा खर्च करण्याआधी एकच कसोटी लावावी: हेच चित्र परभणीच्या बसस्टँडवर पाहिले, तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल, तर ते साध्या व्हिडिओत दाखवावे. बिघडणार असेल, तरच लोकांना धरणापर्यंत यायला आणि फोन वर उचलायला सांगावे.