व्होल्टेजला शिव्या द्या, पण आधी केबलचा हिशेब करा



उन्हाळा आला की गावोगाव एकच रडगाणं सुरू होतं. मोटर जळाली, व्होल्टेज नव्हतं, लाइटवाल्यांनी वाटोळं केलं. मोटर रिवाइंडिंगला जाते, चार दिवस पाणी बंद राहतं आणि ऐन फुगवणीतला माल डोळ्यांदेखत सुकतो. राग येणारच. पण मी विचारतो, व्होल्टेज किती होतं? करंट किती होता? उत्तर ठरलेलं, "कमीच होतं की." कमी म्हणजे किती, हे दहातला एकही सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आकडा नसेल तर भांडण निम्मं हरलेलंच असतं. आणि आकडे काढले तर बऱ्याच ठिकाणी दिसेल की मोठा चोर आपल्याच बांधावर पुरलेला आहे. तो म्हणजे स्टार्टरपासून मोटरपर्यंतची केबल.

उदाहरण घेऊ. ५ एचपीची सबमर्सिबल, स्टार्टरपासून बोअर २०० मीटर, खाली १०० मीटर. तांब्याची अडीच एमएम केबल, म्हणजे एकूण ३०० मीटर. तांब्याच्या तारेचा रोध काढायचा तर लांबीला ०.०१७२ ने गुणा आणि जाडीने, म्हणजे चौरस एमएमने, भागा. एका कोअरचा रोध आला २.०६ ओहम. क्लॅम्प मीटरवर करंट दिसतोय १० अँपिअर, नेमप्लेटवर ९ आहे. स्टार्टरवर दोन फेजमध्ये व्होल्टेज ३७५.

आता थ्री फेजमध्ये केबलमधली घट म्हणजे १.७३ गुणिले करंट गुणिले रोध गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर सुमारे २९ व्होल्ट. मोटरला मिळाले ३४६.

नियमाने ४१५ च्या खाली ६ टक्के, म्हणजे ३९० पर्यंत व्होल्टेज मिळायला हवं. ३७५ मिळालं, म्हणजे १५ व्होल्टचा दोष कंपनीचा. २९ व्होल्ट मात्र आपण आपल्याच केबलमध्ये घालवले. शिव्या कुणाला जास्त पडायला हव्यात?

पॉवरचंही बघा. स्टार्टरवर १.७३ × ३७५ × १० × ०.८, म्हणजे जवळपास ५२०० वॅट. केबलची उष्णता म्हणजे तीन कोअर गुणिले करंटचा वर्ग गुणिले रोध, ६१८ वॅट. अश्वशक्ती ७४६ वॅटची. म्हणजे पाऊण एचपीहून जास्त ताकद नुसती माती तापवतेय. आठ तासांत जवळपास पाच युनिट. तीच केबल सहा एमएम असती तर घट १२ व्होल्टची आणि नुकसान २५८ वॅटचं.

"हे शाळेतलं गणित, आम्ही काय इंजिनिअर आहोत का?" असं म्हणणारे भेटतात. अहो, खताचा एकरी हिशेब तोंडपाठ, फवारणीचं प्रमाण मिलीमध्ये कळतं, मग तीन आकड्यांचा गुणाकारच जड का व्हावा? शिवाय बोअरमध्ये मीटर सोडून मोटरचं व्होल्टेज मोजता येत नाही. गणिताशिवाय मार्गच नाही.

मात्र शाळेतलं सूत्र मोटरला लावू नका. वायंडिंगचा रोध मोजून ४ ओहम आला, तर ४१५ भागिले ४ म्हणजे शंभरावर अँपिअर येतात. प्रत्यक्षात मोटर ९ वरच चालते. फिरती मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, म्हणून. बल्बचं व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. भरलेल्या लोडवर चालणाऱ्या मोटरचं उलटं, व्होल्टेज पडलं की काम तेवढंच ओढायला ती करंट जास्त घेते. आणि वायंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ९ चे १० झाले की उष्णता २३ टक्के वाढली. जळण्याची तयारी इथून सुरू होते.

आणि यावर आपला गावठी इलाज काय? मोटर ट्रिप होते म्हणून ओव्हरलोड रिलेचा काटा पुढे फिरवायचा! राखणदाराचेच डोळे बांधायचे आणि चोरी झाली म्हणून ओरडायचं. रिले नेमप्लेटच्या करंटलाच ठेवा.

"सहा एमएम केबल महाग पडते." पडते ना. पण रिवाइंडिंग, मोटर काढण्या-सोडण्याची मजुरी आणि वाळलेलं पीक एकत्र मांडून बघा, मग महाग काय ते बोला.

कृषी सल्लागार मंडळींनाही विनंती. माती परीक्षणाचा कागद मागता, तसे मोटरचे व्होल्ट आणि अँपिअरही मागा. पाणी वेळेवर पोचलंच नाही तर तुमचं वेळापत्रक काय कामाचं?

मोजमाप जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या हाताने पेटी उघडू नका. क्लॅम्प एकेका कोअरला लावा, तिन्ही एकत्र धरल्या तर मीटर जवळपास शून्य दाखवेल. तिन्ही फेजचे आकडे तारखेसह स्टार्टरच्या झाकणावर लिहा. मग कंपनीच्या दारात जा आणि पंधरा व्होल्टचा जाब ताठ मानेने मागा. उरलेल्या एकोणतीसचा जाब कुणाला विचारायचा, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.