पत्ते, भविष्य आणि अडगळीतली पुस्तके

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वाचनालयाची आवराआवर झाली. कादंबऱ्या, प्रवासवर्णने आणि पाककृतींची पुस्तके कपाटात गेली. एक खोके मात्र दाराशीच पडून राहिले. त्यावर कोणीतरी जाड अक्षरांत लिहिले होते, ‘ज्योतिष, टॅरो वगैरे : टाकून देणे’. मी ते घरी घेऊन आलो. बायको म्हणाली, “आता या वयात भविष्य बघणार का?” मी म्हटले, “भविष्य राहिलंय कितीसं? इतिहास बघतो.”

आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. पत्त्यांना किंवा ग्रहांना पुढचे कळते यावर माझा विश्वास नाही, आणि तुमचा तसा विश्वास बसावा म्हणूनही हा लेख लिहिलेला नाही. माझे म्हणणे एवढेच, की या विषयावर काही फार चांगली पुस्तके आहेत आणि ती दोन्ही बाजूंनी उपेक्षित राहिली आहेत. विश्वास असलेले ती वाचत नाहीत, कारण भविष्य कसे सांगावे ते त्यांत नसते. विश्वास नसलेले ती उघडत नाहीत, कारण मुखपृष्ठावर ‘टॅरो’ लिहिलेले असते.

त्या खोक्यातले सर्वांत जाड पुस्तक होते मायकल डमेट यांचे ‘द गेम ऑफ टॅरो’, 1980 साली निघालेले. डमेट म्हणजे ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक, विसाव्या शतकातले एक मोठे तत्त्वज्ञ. इथे 1960 च्या दशकात आलेल्या आपल्या लोकांनी त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने ऐकले असेल. वर्णद्वेषाविरुद्ध आणि स्थलांतरितांच्या हक्कांसाठी ते आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन वर्षानुवर्षे झटले. विमानतळावर अडवलेल्या माणसांसाठी धावत जाणारा हा प्राध्यापक पत्त्यांच्या इतिहासावर एवढा ग्रंथ लिहितो, हे वाचून मला आधी गंमत वाटली आणि मग आदर वाटला.

डमेट यांनी काय दाखवले? टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ आहे. 1440 च्या सुमारास उत्तर इटलीत त्याचे उल्लेख सापडू लागतात. जोडात 78 पाने. त्यांतली 56 आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी, चार रंगांची. उरलेली 22 चित्रांची : सम्राट, चंद्र, सूर्य, मृत्यू, मूर्ख वगैरे. ही चित्रे आज गूढ वाटतात. पण खेळात, एक मूर्ख सोडला, तर ती होती चक्क हुकमाची पाने! मेंढीकोटात बदामाच्या एक्क्यावर हुकमाची दुर्री टाकून आपण हात उचलतो, तेच काम ही पाने करत. इटालियन लोक त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत, आणि इंग्रजीतला ‘ट्रम्प’ हा शब्द त्याच कुळातला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही लोक टॅरोच्या पत्त्यांनी हा खेळ खेळतात.

मग भविष्य कुठून आले? 1781 मध्ये पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहिले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी जपलेले ज्ञान. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्यांने ती उलगडली 1822 मध्ये, म्हणजे 41 वर्षांनी. पुरावा शून्य, पण गोष्ट झकास. चारच वर्षांत टॅरोवर भविष्य सांगण्याचे पुस्तक बाजारात आले. पुढची हकिकत डमेट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या ‘अ विकेड पॅक ऑफ कार्ड्‌स’ या 1996 च्या पुस्तकात आहे. एखादी कल्पना ‘हजारो वर्षांची परंपरा’ कशी बनते हे टप्प्याटप्प्याने, कागदपत्रांसह पाहायचे असेल, तर याहून चांगला धडा मला माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ असे वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हा धडा जरूर घ्यावा.

गूढवाद्यांची सगळीच पुस्तके टाकाऊ असतात, असेही नाही. ए. ई. वेट हे लंडनचे गूढवादी. आज सर्वत्र दिसणारा टॅरोचा जोड त्यांनी 1909 मध्ये काढला. पण त्यांनीच 1911 च्या आपल्या पुस्तकात इजिप्तची कथा निराधार म्हणून बाजूला सारली. श्रद्धा असलेल्या माणसाने आपल्याच पंथातली लाडकी दंतकथा नाकारावी, याला धैर्य लागते.

त्या जोडाची चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. पूर्वीच्या बहुतेक जोडांत साध्या पानांवर नुसते पेले, तलवारी, नाणी मोजून काढलेली असत. पामेलाने बहुतेक साध्या पानांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले. म्हणूनच तो जोड जगभर गेला. तिला मोबदला मात्र अगदी थोडा मिळाला, आणि तशी तक्रार तिने एका पत्रात केलीही. जोडाला नाव मिळाले प्रकाशकाचे आणि वेट यांचे. ती 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी कर्जात वारली. पानांच्या कोपऱ्यातली तिची इवलीशी सही सगळ्यांच्या नजरेसमोर होती. तिचा हिशेब पुन्हा मांडला तो याच उपेक्षित विषयाच्या अभ्यासकांनी.

आता आपल्या घरचे उदाहरण. सावंतवाडीचा गंजिफा तुम्ही निदान दिवाणखान्यातली शोभेची वस्तू म्हणून पाहिला असेल. लाखेचे, गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी जोडात 120 पाने : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. नवग्रहांचाही जोड असतो, 108 पानांचा. म्हणजे आपल्याकडे पत्त्यांवर प्रत्यक्ष देव आणि ग्रह बसवले, तरी तो राहिला खेळच! युरोपात साध्या हुकमाच्या पानांचे देव्हारे झाले. गंजिफ्यावर उत्तम इंग्रजी पुस्तक लिहिले ते मुंबईत राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन या जर्मन कलासमीक्षकाने. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ते 1982 मध्ये काढले. आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

तसेच शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी लिहिलेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. हा 1896 चा मराठी ग्रंथ; पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. आपण लग्नाच्या वेळी पत्रिका काढतो, पण हा ग्रंथ काढत नाही.

एवढे सगळे सांगण्याचे खरे कारण आता सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात, इथेच वाढलेली, पंचविशीतली एक मुलगी टॅरोचे पत्ते घेऊन बसली होती. मी चारचौघांत तिची टिंगल केली. “उद्याच्या लॉटरीचा नंबर विचार बघू,” असे काहीसे म्हणालो. सगळे हसले. तिने पत्ते गोळा केले आणि ती निघून गेली. तिची आई सहा महिन्यांपूर्वी गेली होती, हे मला माहीत होते. तरीही माझी जीभ आवरली नाही.

ते खोके घरी आल्यावर मी तिला फोन केला, माफी मागितली आणि डमेट यांचे पुस्तक देऊ केले. ती म्हणाली, “काका, पत्त्यांना काही कळतं असं मला कधीच वाटलं नाही. आईबद्दल घरात कोणी बोलतच नव्हतं. पान उलटलं की निदान प्रश्न मोठ्यानं विचारता यायचा.” चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की आधी प्रश्न नीट समजून घ्या. आणि इथे मीच उत्तर द्यायला धावलो होतो.

म्हणून दोन्ही पिढ्यांना माझी विनंती आहे. आपल्या वयाच्या मंडळींनो, नातवंडांच्या पत्त्यांना हसण्याआधी आपण कपाटात जपलेल्या पत्रिका आठवा. तरुण मित्रांनो, आजी-आजोबांच्या पत्रिकांना हसण्याआधी तुमच्या फोनवरचे राशिभविष्य आठवा. दुःखी माणसाकडून पैसे उकळणाऱ्या कोणाचीही गय करू नका, मग तो पत्तेवाला असो की पत्रिकावाला. पण हसणे आणि गप्प बसणे यांच्यामध्ये एक तिसरी वाटही आहे, ती म्हणजे एकत्र बसून वाचणे.

वाचनालय समितीला सांगून मी एक फळी मागून घेतली आहे. डमेट, वेट, फॉन लायडन आणि दीक्षित तिथे शेजारी शेजारी बसतील. तुमच्या आईवडिलांच्या कपाटात असे काही निघाले, तर टाकण्यापूर्वी मला एक फोन करा. आणि भाऊबीजेला फराळानंतर मंडळात या. टॅरोचा जोड मी आणतो. खेळाचे नियम त्या मुलीने शिकून घेतले आहेत. ती शिकवणार आहे.