चार खोल्यांचे घर

दिवाळीआधी आपण घराचा कानाकोपरा धुंडाळतो. भिंत कोठे फुगली, पाणी कोठे झिरपते, हे वेळेवर कळले म्हणजे पुढचा घोर टळतो. आज मी सांगणार आहे ती चार खोल्यांच्या एका चिमुकल्या घराची गोष्ट. आईच्या पोटात मिनिटाला ११० ते १६० वेळा धडधडणाऱ्या बाळाच्या हृदयाची!

हे हृदय बाहेरून पाहायचे कसे? १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. इयन डोनाल्ड शरीरातून काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूतले तडे ध्वनिलहरींनी शोधणारे यंत्र तेथे होते. गाठींचे प्रतिध्वनीही त्याने वेगवेगळे दाखवले! इंजिनियर टॉम ब्राउन यांच्या मदतीने पोट तपासण्याचे यंत्र तयार झाले आणि १९५८ साली त्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

पुढचे पाऊल टाकणाऱ्यांत लिंडसे ॲलन या बालहृदयरोगतज्ज्ञ बाई अग्रणी. पडद्यावरचे चित्र आणि गर्भहृदयाची प्रत्यक्ष रचना यांचा मेळ घालणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सोनोग्राफीतच हृदयाच्या चारी खोल्या पाहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९९४ साली तर गर्भातच निदान झालेल्या १,००६ हृदयदोषांचा लेखाजोखा त्यांनी मांडला.

पण वाचकहो, चार खोल्या ठाकठीक असूनही दारे चुकलेली असू शकतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची कधीकधी अदलाबदल झालेली असते. पोटात असेपर्यंत बाळाला त्याचा त्रास नसतो, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मानंतर मात्र दोन वाहिन्यांना जोडणारी नळी मिटू लागते आणि बाळ निळे पडते. दोष आधी ठाऊक असेल तर नळी उघडी ठेवणारे औषध लगेच देता येते, मग शस्त्रक्रिया. १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी आकडे दिले: जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेआधीच दगावली, गर्भात निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही.

म्हणूनच मला वाईट वाटते, की याच यंत्राने आपल्याकडे मुलगी हेरून तिचा जीव घेतला. त्याला आळा घालायला महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, तर देशाने १९९४ साली. पोटात मुलगा की मुलगी, हे विचारणे गुन्हा आहे. हृदयाची चौकशी करणे हा आईचा हक्क आहे.

हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. तेव्हा अठरा ते बावीस आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना निःसंकोच विचारा: ‘चारी खोल्या दिसल्या का? दोन्ही मोठ्या वाहिन्या जागच्या जागी आहेत का?’ आईला आधीपासून मधुमेह असेल किंवा थोरल्या भावंडाला हृदयदोष असेल, तर गर्भहृदयाची खास तपासणी करून घ्यावी. सारे दोष दिसतातच असे नाही, आणि दोष दिसला म्हणजे सारे संपले असेही नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की बाळंतपण बालहृदयतज्ज्ञ असतील अशा रुग्णालयात करायचे. पिशवी भरण्याआधी ते रुग्णालय ठरलेले असावे, एवढेच माझे सांगणे.