लक्ष देऊ नका म्हणणाऱ्यांसाठी

आपल्याकडे एक औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं. लेकरू रडत असलं, सून गप्प गप्प असली, म्हातारं माणूस सारखं हाका मारत असलं, की घरातलं कुणीतरी शहाणं माणूस म्हणतं, "लक्ष देऊ नका, नाटकं आहेत." हेच औषध सध्या माझ्या चिंगीसाठी सुचवलं जातंय. सुचवणारे परके नाहीत. लातूरच्या वन्सं आहेत, भाचेमंडळी आहेत, आमच्याच गल्लीतले एक निवृत्त साहेब आहेत. म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते. राग आला तर येऊ द्या.

चिंगी म्हणजे पाच किलोचं पांढरं केसाळ कुत्रं. आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो तसलं. खरं तर इंडियन स्पिट्झ असं त्या जातीचं नाव आहे. लातूरला धाकट्या मुलीच्या कॉलनीत एका कुटुंबानं लेकराच्या हट्टापायी आणलं, आणि पुण्याला बदली झाल्यावर फाटकाबाहेर ठेवून ते निघून गेले. कुत्रं बंद फाटकासमोर बसून राहिलं. मग दुसऱ्या एका घरानं नेलं आणि आठ दिवसांत परत आणून दिलं. कारण काय, तर "फार चिकटतं हो." यंदा जूनमध्ये मुलीनं तिला गाडीत घातलं आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला माझ्या दारात आणून सोडलं. हे गेल्यापासून घरात मी एकटीच, तेव्हा जागेचा प्रश्न नव्हता.

चिकटते, हे खरं आहे. मी न्हाणीत गेले की ही दाराशी. पेपर उघडला की पेपरावर पंजा. फोनवर बोलायला लागले की भुंकणं सुरू. रात्री हिची पाठ माझ्या पावलाला टेकलेली पाहिजे. सुरुवातीला तर मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले तरी खाली दार ओरबाडायची आणि उंबऱ्यावरच शू करून ठेवायची. हे सगळं दोन दिवस पाहून वन्संनी निदान केलं, "लाडावलंय."

अहो, लाड केले कुणी? दोन घरांनी टाकलेल्या जनावराचे लाड नेमके कोणत्या घरात झाले? मी चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. लाडावलेली लेकरं पुष्कळ पाहिली. लाडाचं लेकरू पहिल्या दिवशी आईचा हात सोडून खुशाल वर्गात पळतं, कारण आई कुठं जात नाही याची त्याला खात्री असते. पदर धरून बसतं ते दुसरंच. ज्याच्या घरात काल काहीतरी मोडलेलं असतं, ते.

१९९३ साली मी औसा तालुक्यात नोकरीला होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली तेव्हाची लेकरं मला अजून दिसतात. चांगली आठ-नऊ वर्षांची पोरं, पण मी फळ्याकडं वळले की कुणीतरी येऊन साडीला हात लावून जायचं. वाऱ्यानं पत्रा वाजला की चार-पाच जणं एकदम अंगाला येऊन भिडायची. त्यांना कुणी लाडावलेली म्हणालं नाही. "बाई, यांच्याकडं लक्ष देऊ नका" असं सांगायची कुणाची छाती झाली नसती. मुक्या जनावराच्या बाबतीत मात्र सांगायला जीभ लगेच वळते! भूकंप आणि बंद फाटक यांची बरोबरी मी करत नाही. पण घाबरलेला जीव जवळ सरकतो, एवढं तरी आपल्याला कळायला पाहिजे.

बी.एड.ला जॉन वॉटसन हे नाव शिकवलं होतं. या गृहस्थानं १९२८ साली आईबापांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्यात सल्ला दिला की लेकरांना कवटाळू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा. पुढे १९७२ साली बेल आणि एन्सवर्थ या दोघी संशोधक बायकांनी २६ आया आणि त्यांची बाळं वर्षभर पाहिली. ज्या आया रडण्याला लवकर ओ देत होत्या त्यांची बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. त्यावर नंतर वाद झाले, व्हायलाच पाहिजेत. पण आपल्या घराघरांत अजून वॉटसनच बसलाय, आणि त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

आता दुसरी गंमत बघा. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. त्यातला टफी याच जातीचा. मग प्रत्येकाला तसंच पांढरं कुत्रं हवं झालं. २००३ साली हच कंपनीची जाहिरात आली, ती आठवत असेल. पोरगं जाईल तिथं त्याच्या मागं मागं चालणारं पग कुत्रं. त्या जाहिरातीत दुसरं काहीच नव्हतं, फक्त मागं मागं चालणं! आणि त्यावर भाळून लोकांनी पग घेतले. चपट्या नाकाच्या त्या बिचाऱ्यांना एरवीच श्वास पुरत नाही, आपल्या बेचाळीस अंशांत त्यांचं काय होत असेल कल्पना करा. टीव्हीवर मागं मागं येणं गोड वाटतं. तेच आपल्या स्वयंपाकघरात पायात आलं की "चिकट" होतं. हजारो वर्षं माणसानं आपल्याला धरून राहणारी कुत्रीच पोसली आणि वाढवली, आणि आता ते धरून राहतं म्हणून कुरकुर करायची. मग मनीप्लँट आणायचा होता. तो मागं मागं येत नाही.

आणि फाटकाबाहेर सोडून जाणाऱ्यांना हेही सांगते. प्राणी उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. म्हणजे एका बिस्किटाच्या पुड्याची किंमत. असो.

भाचा म्हणतो, "मामी, मालक कोण ते तिला दाखवा." त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेत. कुत्रं म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तुम्ही म्होरक्या व्हा, तिला आधी जेवू देऊ नका, दारातून आधी जाऊ देऊ नका, वगैरे. मी त्याला म्हटलं, बाळा, हे कुठून आलं ते तरी वाच. १९४७ साली शेंकेल नावाच्या माणसानं कोंडून ठेवलेले, एकमेकांना अनोळखी लांडगे पाहिले आणि त्यांच्या मारामाऱ्यांवरून लिहिलं. ही कल्पना ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळं जगभर पसरली त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्होरक्या म्हणजे दुसरं कुणी नाही, आईबाप. एखाद्या शाळेतल्या मारामाऱ्या पाहून सगळ्या घरांबद्दल नियम करावा तसलं हे झालं.

मालकी दाखवणारे मास्तर मी आयुष्यभर पाहिले. त्यांचा वर्ग चिडीचूप असायचा, आणि त्यांची पाठ वळली की काय व्हायचं हे शेजारच्या वर्गावर असणाऱ्या मला विचारा. शिक्षणहक्क कायद्यानं २००९ साली छडीवर बंदी घातली तेव्हा पुष्कळांना शाळा बुडाल्यासारखं वाटलं होतं. शाळा काही त्यानं बुडाल्या नाहीत (बुडाल्या असतील तर दुसऱ्या कारणांनी, तो वेगळा लेख होईल).

"पण बाई, तिला चूक कळते. शू केली की कसं तोंड पाडून बसते बघा!" हेही ऐकवलं जातं. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचाच प्रयोग केला. कुत्र्यानं खरंच चूक केलीय की नाही याच्याशी त्या पडलेल्या तोंडाचा संबंध निघाला नाही. मालक रागावतो की नाही, याच्याशी होता. शू केल्यावर तासाभरानं येऊन नाक घासलं तर कुत्र्याला एवढंच कळतं, की माणूस घरी आलं की मार बसतो. मग माणूस घराबाहेर पडताना ते आणखी घाबरणार नाही तर काय?

मग करायचं काय? मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या.

आधी डॉक्टरला दाखवलं. कान दुखत होता तिचा. दुखणारं जनावर जवळ येऊन कुरकुरलं की त्याला स्वभाव म्हणून मोकळं व्हायचं नसतं. औषध, जंताची गोळी, रेबीजची लस, सगळं झालं. मग शाळेसारखं वेळापत्रक लावलं. सहाला फिरणं, साडेसातला खाणं, दुपारी मी आडवी होते तेव्हा तिची सतरंजी माझ्या पलंगाशेजारी, पाचला पुन्हा फिरणं. पहिल्या पंधरवड्यात यात पाच मिनिटंही मागंपुढं केलं नाही. पुढची घंटा कधी होणार हे माहीत असलं की वर्ग निम्मा शांत असतो.

लक्षाचं म्हणाल तर ते मी मागण्याआधीच देते. दिवसातून सात-आठ वेळा, ती गप्प पडलेली असताना, आपणहून हाक मारते, पाठीवरून हात फिरवते, दोन शब्द बोलते. भुंकून मागितलं तर थांबते. दोन श्वास गप्प राहिली की मग बोलावते. आरडाओरड्याला बक्षीस न देणं ही एक गोष्ट आणि जनावराला दिवसभर नाही म्हणून वागवणं ही दुसरी. "लक्ष देऊ नका" म्हणणारे या दोन्हींची खिचडी करतात. आणि दिवसभर कडेवर घेऊन बिस्किटं कोंबणारेही माझ्या बाजूचे नाहीत, हे त्यांनी लक्षात घ्यावं. कुत्र्याला एकटं राहता आलंच पाहिजे. ते शिकवावं लागतं, एवढंच.

शिकवणं फार कंटाळवाणं आहे. किल्ली उचलायची आणि परत खुर्चीवर बसायचं. दिवसातून वीस वेळा. चपला घालायच्या आणि भाजी निवडायला बसायचं. किल्ली म्हणजे संकट, हे तिच्या डोक्यातून जाईपर्यंत. मग दाराबाहेर जाऊन दहा आकडे मोजायचे आणि ती ओरडायच्या आत, आत यायचं. मग वीस, मग पन्नास. जाताना निरोपाचा सोहळा नाही, आल्यावर मिठ्या नाहीत. आत तिच्यापाशी माझं अंगावरचं जुनं लुगडं आणि भाकरीचा तुकडा लपवलेली फडक्याची गाठ. शेजारचं पोरगं दोन दिवस हे बघत होतं. शेवटी न राहवून म्हणालं, "बाई, तुमी घडीघडी बाहीर जाऊन आत कामून यायलाव?" त्याला सांगितलं, उजळणी चाललीय. दोनाचा पाढा.

तीन आठवड्यांत दहा मिनिटांपर्यंत आलो. गणपतीत फटाके वाजले आणि पुन्हा शून्यावर. पुन्हा दहा आकड्यांपासून सुरुवात. दसऱ्यापर्यंत चाळीस मिनिटं झाली. कोपऱ्यावरची भाजी आणि मेडिकल तेवढ्यात होतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं, तिथं चाळीस मिनिटांत कुणाचं काम होतं? त्या दिवशी शेजारच्या पोराला तिच्याजवळ बसवून गेले. अशी कुत्री संभाळणाऱ्या लोकांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा चालतो. तीन दिवस भीती उतरायला, तीन आठवडे रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. चिंगीला पाच लागले. आठ दिवसांत परत करणाऱ्यांनी तर पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

गल्लीतल्या साहेबांचं भुंकण्याबद्दलचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. दुपारची झोपमोड होते, हा त्रास खराच. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पण ते लगेच मोकाट कुत्र्यांवर येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक दोन आदेश आले, तेव्हापासून कुत्र्याचं नाव काढलं की माणसं दोन टोकांना जाऊन उभी राहतात. चावणाऱ्या कुत्र्याची भीती खोटी नाही, पोरं चावली जातात. पण रस्त्यावर ही कुत्री येतात त्यातली काही तरी आपणच फाटकाबाहेर ठेवलेली असतात, हे साहेबांनी त्या चर्चेत घ्यावं. चिंगी तशीच झाली असती.

वन्संना एक विचारायचंय. नामदेवरायांची ती कथा तुम्ही कीर्तनात किती वेळा ऐकली असेल? कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. नरसी काही लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तिथं जाऊन हात जोडायचे, कथा ऐकून डोळे पुसायचे, आणि घरी कुत्रं पायाशी आलं की "हाड" म्हणायचं. त्या कथेत कुत्र्यानं पोळी मागितलीही नव्हती, उचलून नेली होती!

आता महत्त्वाचं. माघात अहमदपूरला लग्न आहे आणि सगळ्यांचा आग्रह आहे की मी दोन दिवस आधी यावं, "कुत्रं कुठंतरी ठेवून." चाळीस मिनिटं म्हणजे दोन दिवस नव्हेत. मी येईन, चिंगी बरोबर असेल, तिची सतरंजी आणि खाणं माझ्या पिशवीत असेल. मांडवात आणणार नाही, खोलीत माझ्याजवळ राहील. ज्यांना चालणार नाही त्यांनी संक्रांतीच्या आत फोन करून सांगावं, म्हणजे मी सकाळच्या गाडीनं येऊन अक्षता टाकून संध्याकाळी परत फिरेन. शेजारचं पोरगं तेवढा दिवस बसायला तयार आहे. त्याला दोन पाढे पाठ करून दाखवायचेत.